डूकीपाशी दार लावू नका

नागपुरातल्या ग्रीन डे ट्रिब्यूटच्या आयोजकांना खुले पत्र

प्रिय आयोजक भाऊ आणि ताई,

सप्रेम नमस्कार.

ग्रीन डे या अमेरिकन पंक-रॉक बँडची गाणी वाजवण्याच्या आपल्या डिसेंबरातल्या ट्रिब्यूटसाठी गाण्यांच्या याद्या मागवणारा तुमचा निरोप सगळ्या बँडांना मिळाला. जागा, वेळ, वर्गणी सगळं दरवर्षीसारखंच आहे. नवी आहे ती एक ओळ: यंदा फक्त डूकी या १९९४ च्या अल्बमपर्यंतची गाणी घेतली जातील, नंतरचं एकही नाही. मी फोन करून कारण विचारलं, तर "ताई, आता ठरलं आहे" एवढ्यावर विषय संपवण्यात आला. त्यानंतरच्या रविवारी निवडीसाठी आलेल्या कामठीच्या पोरांना धरमपेठेतल्या सरावाच्या खोलीतून ज्या रीतीनं परत पाठवलं गेलं, ते मी तिथेच उभी राहून पाहिलं. तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही. निर्णय सगळ्यांसमोर जाहीर झाला आहे, म्हणून माझी हरकतही सगळ्यांसमोर मांडते.

यात माझा संबंध काय, ते आधी सांगते. मी वाडीची. बाबा ट्रक चालवायचे, बहुतेक रायपूर आणि हैदराबादच्या फेऱ्या. मी दहावीत असताना ते गेले. त्या दिवसांत टीव्हीवर ‘वेक मी अप व्हेन सप्टेंबर एंड्स’ वारंवार लागायचं. शब्द अर्धेच कळायचे, तरी ते लागलं की मी आवाज वाढवायची आणि आई काही म्हणायची नाही. पुढे वाचनात आलं की ग्रीन डेचा गायक आणि गिटारवादक बिली जो आर्मस्ट्राँग याचे वडीलसुद्धा ट्रक चालवायचे, शिवाय जॅझ वाजवायचे. सप्टेंबर १९८२ मध्ये ते कॅन्सरनं गेले तेव्हा तो दहा वर्षांचा होता, आणि हे गाणं त्यांच्यासाठी लिहिलेलं आहे. ते ज्या अल्बमवर आहे तो अमेरिकन इडियट, २००४ चा. तुमच्या नियमात न बसणारा.

मी ग्रीन डेकडे आले ती त्या एका गाण्यावरून. तिथून मागे मागे जात वॉर्निंग, निमरॉड, इन्सॉम्नियॅक, डूकी, कर्प्लंक असे अल्बम ऐकत शेवटी ३९/स्मूदपर्यंत पोचले. बास गिटार घेतली ती ‘लाँगव्ह्यू’ वाजवता यावं म्हणून. तुमची-माझी ओळखसुद्धा या गाण्यांमुळेच झाली. फुटाळ्यावर चहा पीत कोणता अल्बम सरस यावर आपण कडाकडा भांडलो आहोत आणि दुसऱ्या दिवशी एकत्र वाजवलं आहे. तो वाद मला हवाच आहे. त्या वादाचा परस्पर निकाल लावून अर्धी गाणी कार्यक्रमातून काढून टाकलीत, हे मात्र मला मान्य नाही.

कुणाला वाटेल मी नंतरच्या अल्बमांची बाजू घेऊन उभी आहे. तसं नाही. माझा सगळ्यात आवडता अल्बम विचाराल तर कर्प्लंक. १९९१ चा, लुकआउट या छोट्या कंपनीनं काढलेला, ट्रे कूल ड्रमवर आल्यानंतरचा पहिला. आधीच्या ३९/स्मूदवर जॉन किफमायर वाजवतो. तो नेटका आहे, पण कर्प्लंकवर ट्रे येतो आणि गाणी धावायला लागतात. आवाज कोरडा, गिटार पातळ, गाणाऱ्याचा घसा मधूनच फाटतो, आणि तरी एक क्षण ढिला नाही. ‘क्रिस्टी रोड’ घ्या. मार्टिनेझ गावातल्या रुळांजवळचा तो रस्ता, घरापासून दूर जाऊन पोरं बसायची ती जागा. अजनीच्या पुलावर उभं राहून गाड्या बघत ज्यानं संध्याकाळ काढली आहे, त्याला ते गाणं समजावून सांगावं लागत नाही. कुणी ऐकेल याची शाश्वती नसताना इतक्या जिवानं वाजवलेलं संगीत पुढे त्यांच्याकडून पुन्हा झालं नाही, हे तुमचं म्हणणं मलाही पटतं. म्हणजे तुम्ही ज्याच्या प्रेमात आहात त्याच्याच मीही आहे. त्या प्रेमाच्या नावावर हा नियम आला, याचं मला जास्त वाईट वाटतं.

पहिली हरकत रेघ कुठे मारली यावर आहे.

"डूकीनंतर ते विकले गेले," असं त्या खोलीत सांगितलं गेलं. क्रम बघा. १९९३ मध्ये ग्रीन डेनं लुकआउट सोडून रिप्राइझशी करार केला. रिप्राइझ ही वॉर्नरची कंपनी. करारानंतर बर्कलीच्या फँटसी स्टुडिओत डूकी रेकॉर्ड झाला आणि १ फेब्रुवारी १९९४ ला बाजारात आला. मोठ्या कंपनीसाठी केलेला त्यांचा पहिला अल्बम तो हाच. एकट्या अमेरिकेत त्याच्या एक कोटीहून जास्त प्रती गेल्या. बर्कलीतल्या ज्या ९२४, गिलमन स्ट्रीटच्या हॉलमध्ये ही पोरं वाजवत मोठी झाली, तिथे मोठ्या कंपनीच्या बँडना मनाई होती, त्यामुळे याच करारानं त्यांना ते दार बंद झालं. विकले गेले हाच निकष धरायचा तर रेघ कर्प्लंकनंतर मारावी लागेल. मग ‘बास्केट केस’ नाही, ‘व्हेन आय कम अराउंड’ नाही, ‘लाँगव्ह्यू’ नाही. तशी रेघ तुम्ही मारली नाहीत, कारण या तीन गाण्यांना आपलं सभागृह उभं राहतं हे तुम्हाला ठाऊक आहे. मग निकष इमानाचा राहिला नाही, सवयीचा झाला.

त्या रेघेच्या पलीकडे काय गेलं तेही बघा. इन्सॉम्नियॅक ऑक्टोबर १९९५ मध्ये आला, डूकीनंतर दोन वर्षंही झाली नव्हती. माणसं तीच, निर्माता तोच, आणि अल्बम डूकीपेक्षा कितीतरी कडवट. जुन्या चाहत्यांनी तोंड फिरवलं होतं, गिलमनचं दार बंद झालं होतं, आणि त्याच अनुभवावरचं ‘८६’ हे गाणं या अल्बमवर आहे. ज्या हॉलच्या नावानं तुम्ही निष्ठेची भाषा करता, त्या हॉलनं बाहेर ठेवलेल्या मुलानं लिहिलेलं गाणं. आपल्या कार्यक्रमात हे गाणं यंदा वाजवायची परवानगी नाही. मला हे कळत नाही. ‘ब्रेन स्ट्यू’ संपता संपता ‘जेडेड’ अंगावर येतं, ती जोड दरवर्षी आपल्याकडे कुणी ना कुणी वाजवतं. तीही गेली.

‘गुड रिडन्स’चं काय करणार? ते निमरॉडवर आहे, १९९७ चं, म्हणजे नियमाप्रमाणे बाद. पण ते डूकीच्या वेळीच आर्मस्ट्राँगकडे लिहून तयार होतं. त्या अल्बमच्या बाजात बसेना म्हणून मागे राहिलं. मग ते आधीचं की नंतरचं? आणि ‘वेलकम टू पॅराडाइज’ कर्प्लंकवरही आहे आणि पुन्हा रेकॉर्ड करून डूकीवरही. छोट्या कंपनीचं गाणं मोठ्या कंपनीकडे जाऊन आलं आणि गाणंच राहिलं. दोन्ही एकापाठोपाठ ऐका. मला कर्प्लंकवरचं जास्त आवडतं, आपल्या दुसऱ्या गिटारवाल्या भाऊंना डूकीवरचं, आणि यावर आम्ही दोघं अजून बोलतो. सालाची रेघ मारली की असं बोलायचं कारणच उरत नाही.

छोटी कंपनी म्हणजे स्वच्छ व्यवहार आणि मोठी म्हणजे पाप, हेही जरा तपासून बोलायला हवं. २००५ मध्ये रॉयल्टीचे पैसे थकले म्हणून ग्रीन डेनं आपले सुरुवातीचे अल्बम लुकआउटकडून काढून घेतले. ज्या काळाला आपण निर्मळ म्हणतो, त्या काळच्या गाण्यांचे पैसे गाणाऱ्यांना नीट मिळत नव्हते. लुकआउटनं त्यांना पहिली संधी दिली, ते ऋण मोठंच आहे आणि ते कुणी नाकारत नाही. पण गोष्ट सांगायची तर पूर्ण सांगावी. आणि पूर्ण सांगायची तर हेही सांगावं की २०१५ मध्ये ग्रीन डे परत त्याच गिलमनमध्ये मदतीच्या कार्यक्रमासाठी वाजवायला गेले. ज्यांच्याशी खरं भांडण झालं होतं त्यांनी दार उघडलं. आपलं तर त्यांच्याशी भांडणही झालेलं नाही.

आता संगीताकडे येते, कारण "नंतरचं मवाळ झालं" हे तुमचं खरं कारण आहे असं मला वाटतं, आणि त्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही.

सुरुवातीच्या गाण्यांचा जोर कशात आहे? तीन माणसं, मोजके कॉर्ड, अडीच-तीन मिनिटं. कडव्यात गिटारवाल्याचा तळवा तारांवर दाबलेला असतो, ध्रुवपदाला तो हात उचलतो आणि सगळं खुलतं. मधल्या त्या मोकळ्या जागेत माइक डर्न्टची बास गाते. ‘लाँगव्ह्यू’ची कडवी बास आणि ड्रमवरच चालतात, गिटार वाट बघत थांबते. ‘शी’ची सुरुवात तशीच. बास वाजवणाऱ्याला डूकी बोटांतून कळतो. अमेरिकन इडियटमध्ये गिटारी एकावर एक चढवलेल्या आहेत, आवाजाची सगळी जागा भरलेली आहे, आणि बास त्याखाली सरळ चालते. वाजवताना मला तिथे कमी मोकळीक मिळते. इथपर्यंत मी तुमच्याबरोबर आहे.

पण त्या मोकळिकीच्या बदल्यात काय मिळालं तेही ऐका. ‘जीझस ऑफ सबर्बिया’ नऊ मिनिटांचं आहे, पाच भागांचं. लोक त्याला लांबलचक म्हणतात. भाग सुटे करून ऐका: प्रत्येक भाग म्हणजे एक ते अडीच मिनिटांचं जुन्या पद्धतीचं गाणं आहे. एक तुकडा संपायच्या आत दुसरा पकड घेतो. कर्प्लंकच्या काळात दोन मिनिटांत गाणं उभं करून संपवायची जी शिस्त लागली, तिच्याशिवाय ते नऊ मिनिटांचं गाणं कोसळलं असतं. आणि त्यात ट्रे कूल काय करतो बघा. प्रत्येक भागाला वेगळी चाल आहे आणि एका भागातून दुसऱ्यात नेणारा माणूस तोच आहे. कर्प्लंकवर ज्याच्या येण्यानं गाणी धावायला लागली, त्याच्याच खांद्यावर ही नऊ मिनिटं आहेत. डूकी आणि अमेरिकन इडियट दोन्हींचा निर्माता रॉब कव्हॅलो. लहानपणी मिळालेली निळी फर्नांडिस गिटार आर्मस्ट्राँग कितीतरी वर्षांनंतरही मंचावर काढतो. माणसं तीच, कान तोच, गिटारसुद्धा तीच.

बदललं ते वय आणि आजूबाजूचं जग. डूकी आला तेव्हा आर्मस्ट्राँग बावीसचाही नव्हता. घरात पडून राहणं, कंटाळा, पोटात येणारी भीती, यावर तो लिहीत होता, कारण त्याचं आयुष्य तेच होतं. २००४ मध्ये तो बत्तीसचा होता, दोन मुलांचा बाप, आणि त्याचा देश इराकमध्ये लढत होता. त्याआधी खपून केलेल्या ‘सिगरेट्स अँड व्हॅलेंटाइन्स’ या अल्बमच्या मूळ टेप चोरीला गेल्या. तोच अल्बम पुन्हा रेकॉर्ड करता आला असता. त्यांनी तो बाजूला ठेवला आणि कोऱ्या कागदावरून सुरुवात केली. बत्तीसच्या माणसानं बावीसच्या पोराचा कंटाळा उसना आणून गायला असता, तर त्याला खोटं म्हणणारे पहिले तुम्हीच असता.

नंतरचं सगळंच उत्तम आहे असं मी कुणालाही सांगणार नाही. २००९ चा ट्वेंटीफर्स्ट सेंच्युरी ब्रेकडाउन आधीच्या यशाच्या मापात कापलेला वाटतो. २०१२ मध्ये एकापाठोपाठ आलेल्या तीन अल्बमांतून निवड केली असती तर एक चांगला अल्बम झाला असता. २०२० चा मला आजही पोचत नाही. आणि २०२४ चा सेव्हियर्स, पुन्हा कव्हॅलोबरोबर केलेला, मला मनापासून आवडतो. हे मी एकेक अल्बम पूर्ण ऐकून म्हणते. तुम्ही वेगळं म्हणाल, आणि ऐकून म्हणाल तर मी मान डोलवीन. मागचं साल बघून निकाल दिला तर मात्र त्याला ऐकणं म्हणता येत नाही.

खुद्द बँडनं काय केलं? २०२४ मध्ये डूकीला तीस वर्षं झाली आणि अमेरिकन इडियटला वीस. त्या वर्षीच्या दौऱ्यात त्यांनी दोन्ही अल्बम एकाच संध्याकाळी पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत वाजवले. मार्च २०२५ मध्ये ते पहिल्यांदा भारतात आले. मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर त्यांना ऐकायला नागपुरातून आपण किती जण रात्रीच्या गाडीनं गेलो होतो, आठवा. जुनं वाजलं, नवं वाजलं. तुमच्यातले काही माझ्या शेजारी उभे होते आणि दोन्ही गाण्यांना तेवढ्याच मोठ्यानं गात होते. ज्यांची ट्रिब्यूट आपण करतो, त्यांना त्यांच्या गाण्यांत ही फाळणी मान्य नाही.

कामठीच्या पोरांबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे.

चौघंजण होते, अकरावी-बारावीतले. गिटारी पाठीवर टाकून मेट्रोनं आले होते. ड्रमवर मुलगी, सोळा वर्षांची. यादीत ‘हॉलिडे’ आणि ‘सेंट जिमी’ ही अमेरिकन इडियटवरची गाणी होती. नियम कळला नसेल, किंवा कळूनही त्यांना वाटलं असेल की ऐकून तर घेतील. त्यांना वाजवूच दिलं नाही. उलट विचारलं, "कर्प्लंकमधली पाच गाणी सांगा." त्या मुलीनं तीन सांगितली आणि ती थांबली. कुणीतरी मागून म्हणालं, "नुसता टी-शर्ट घालून येऊ नका बे." बाकीचे हसले. मुलीनं काठ्या पिशवीत घातल्या, चौघांनी आपलं सामान उचललं आणि गेले. मी त्यांच्यामागे खाली गेले, पण शंकरनगरच्या चौकात उभं राहून मी त्यांना तुमच्या वतीनं काय सांगणार होते?

३९/स्मूद आला तेव्हा आर्मस्ट्राँग आणि डर्न्ट सतरा-अठरा वर्षांचे होते. ट्रे कूल तर बाराव्या वर्षी लुकआउट्स या बँडमध्ये ड्रम वाजवायला बसला. ज्या अल्बमांना तुम्ही अस्सल म्हणता, ते याच वयाच्या पोरांनी केलेले आहेत. आणि गिलमनचं म्हणाल तर तो हॉल मुळात उभा राहिला तो सगळ्या वयाच्या मुलांना आत येता यावं म्हणून. दारू नाही, मारामारी नाही, जातीवंशावरून किंवा बाई म्हणून कुणाचा अपमान नाही, असे तिथले नियम आणि काम स्वयंसेवकांचं. आत येताना कुणाला गाण्यांची यादी पाठ आहे का, हे तिथे विचारत नसत. रेशीमबागेत ज्यांच्या नावाचं सभागृह आहे त्या सुरेश भटांच्या गझलेला दाद देणाऱ्याला, "त्यांचा पहिला संग्रह वाचला आहे का?" असं या शहरात कुणी दारात अडवून विचारल्याचं मी ऐकलेलं नाही.

आणि आपण स्वतः कसे आलो? आपल्यातलं कुणीही १९९१ मध्ये बर्कलीत नव्हतं. तुमच्यातले वयानं मोठे असलेले सांगतात की बर्डीवरच्या कॅसेटच्या दुकानात इंग्रजी गाण्यांचा एक कप्पा असायचा आणि त्यात जे येईल ते ऐकायचं. कुणाकडे पुण्या-मुंबईच्या भावानं भरून पाठवलेली कॅसेट, कुणाकडे इंजिनिअरिंगच्या होस्टेलमधून फिरत आलेली सीडी, माझ्याकडे टीव्ही. या गावात हे संगीत कुणालाच सरळ मिळालेलं नाही. प्रत्येकाला कुणीतरी दिलं. मला कर्प्लंक ज्या भाऊंनी दिला ते आज आयोजकांत आहेत. मी त्यांच्याकडे ‘सप्टेंबर’चं गाणं घेऊन गेले होते. त्यांनी मला प्रश्न विचारला नाही. "हे ऐकून बघ" म्हणाले आणि हातात सीडी ठेवली. भाऊ, त्या मुलीला तीन गाणी येत होती. उरलेली तुम्ही द्यायची होती.

अजून एक कारण पुढे केलं जातं, वेळेचं. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद करावा लागतो, नऊ-नऊ मिनिटांची गाणी परवडत नाहीत. डूकी साधारण ४० मिनिटांचा आहे, अमेरिकन इडियट साधारण ५७. दोन्ही पूर्ण वाजवले तरी दोन तास होत नाहीत, आणि आपण सातला सुरू करतो. वेळ जातो तो गिटारी लावण्यात. डूकीतली गाणी अर्धा सूर खाली लावलेल्या गिटारीवर आहेत, नंतरची काही नेहमीच्या सुरात, आणि मधे पाच-पाच मिनिटं सगळे तारा पिळत बसतात. मंचाच्या कडेला दोन्ही सुरांत लावलेल्या गिटारी तयार ठेवल्या की हा प्रश्न मिटतो. माझ्याकडे एक जादाची बास आहे, ती मी आणते.

माझ्या मागण्या अशा आहेत.

डूकीपर्यंतची अट मागे घ्या. ती मागे घेतल्याचा निरोप जिथे अट जाहीर केली तिथेच आणि सगळ्या बँडांना पाठवा, कारण किती जणांनी ती वाचून यादीच पाठवली नसेल ते आपल्याला कळणार नाही.

निवड वाजवणं ऐकून करा. प्रश्न विचारून करू नका. ताल सुटतो का, तिघं-चौघं एकमेकांना ऐकून वाजवतात का, एवढं बघा. ज्यांचं कच्चं आहे त्यांना काय कच्चं आहे ते नीट सांगा, म्हणजे पुढच्या वर्षी ते सुधारून येतील.

कामठीच्या बँडला परत बोलवा आणि बाकीच्यांना मिळते तेवढीच वेळ द्या. त्या दिवशी खोलीत जे बोललं गेलं त्याबद्दल आयोजकांपैकी कुणीतरी त्यांच्याशी, विशेषतः त्या मुलीशी, नीट बोला. नाव घेऊन माफी मागायला लावावी असा माझा आग्रह नाही. पण तिला ते बोलणं ऐकावं लागलं, तर चार चांगले शब्दही तिलाच ऐकू यायला हवेत.

आणि तुम्हाला फक्त जुन्याचीच एक संध्याकाळ हवी असेल, तर ती जरूर करा, वेगळी करा आणि तसं नाव देऊन करा. कर्प्लंक पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, मधे न थांबता. नागपुरात हे अजून कुणी केलेलं मला माहीत नाही. त्या संध्याकाळी बास मी वाजवीन, खुर्च्या लावीन, पैसे घेणार नाही. जानेवारीत थंडी असते, पोरांच्या परीक्षा लांब असतात. तेव्हा करू. पण डिसेंबरचा कार्यक्रम सगळ्यांचा आहे, त्याचं पोस्टर ग्रीन डेच्या नावानं लागतं आणि वर्गणीही आपण सगळ्यांकडून घेतो.

या पत्राचं उत्तर मला खाजगीत नको. फोनवर "ताई, समजून घे" असं म्हणू नका, मी समजून घेतलंय म्हणूनच लिहिलं. जे ठरेल ते सगळ्यांना दिसेल असं लिहा. अट कायम ठेवणार असाल तर का ठेवता तेही लिहा. तुमचं म्हणणं मी पूर्ण वाचीन आणि पटलं नाही तर यंदा मंचावर येणार नाही. डूकीची गाणी वाजवायला मला आवडतात, पण या अटीवर नाही.

निवडीची पुढची फेरी येत्या रविवारी आहे. कामठीच्या पोरांचा नंबर माझ्याकडे आहे, तो मी तुम्हाला देते. बोलावणं मात्र तुमच्याकडून गेलं पाहिजे, आणि शनिवारपर्यंत गेलं पाहिजे, म्हणजे त्यांना एकदा तरी सराव करता येईल.

आपली,
दरवर्षी तुमच्याबरोबर बास वाजवणारी,
वाडी, नागपूर